माशी नेमकी कुठे शिंकते? तळ्यात फ्लाय ओढूनही मासा का लागत नाही

तक्रार एकच असते, सांगणारा माणूस तेवढा बदलतो. "पहाटे साडेचारला चांदणी चौक ओलांडला, सहाला पाण्यात उतरलो, दहापर्यंत वल्हं मारलं, सात फ्लाय बदलल्या. एक टोचसुद्धा नाही." (फ्लाय म्हणजे पिसं-दोरा बांधून किड्यासारखा किंवा छोट्या माशासारखा केलेला गळ, आणि टोच म्हणजे माशाने तिला दिलेला झटका.) मग लगेच पुढचा प्रश्न: "कुठली फ्लाय घेऊ?"

हा प्रश्न मीही वर्षभर विचारत होतो. पहिल्या वर्षी माझ्या डबीत साठेक फ्लाय जमल्या आणि मासे लागले चार. त्या चारांतले दोन चहा ओतून घ्यायला कयाक थांबवली तेव्हा लागले. थर्मासचं झाकण एका हातात, कप दुसऱ्या हातात, आणि रॉड वाकतोय. मी दोन्ही वेळा याला नशीब म्हटलं. पुरावा मांडीवर सांडला होता, तरी मी नवीन फ्लाय मागवत राहिलो.

तर आधीच सांगतो, बहुतेक वेळा फ्लायचा काही दोष नसतो. दोष वल्ह्यात असतो, लाईनच्या खोलीत असतो, नाहीतर मासा लागल्यावर आपला हात जे करतो त्यात असतो. फ्लाय बदलणं सोपं आणि वल्हं मारायची सवय बदलणं अवघड, म्हणून आपण फ्लाय बदलतो.

ज्यांनी रॉड नुकताच घेतलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लाय फेकायला शिकायला वेळ लागतो. मैदानावर सराव करताना दोर कानाला गुंडाळला जातो, बघणारे हसतात. तोवर तळ्यावरचा सोपा मार्ग म्हणजे ट्रोलिंग, म्हणजे पंधरा-वीस मीटर लाईन मागे सोडायची आणि होडी, कयाक किंवा हवेच्या ट्यूबवरून सावकाश पुढे जायचं. फ्लाय मागून पोहत येते. कट्टर फ्लायवाले नाक मुरडतात, मुरडू देत. फेकायला न येणाऱ्यालाही मासा दिसतो, आणि चार तास पाण्यावर राहिलं की पाणी वाचायची सवय लागते, ती पुढे फेकतानाही उपयोगी पडते.

आधी वेग

कयाकमध्ये बसलेला नवा माणूस सहज ताशी चार-पाच किलोमीटरने जातो. त्याला ते हळूच वाटतं. फ्लायला हवा असतो ताशी दीड ते अडीच किलोमीटरचा वेग. रविवारी संध्याकाळी तुळशीबागेतल्या गर्दीतून आपण ज्या गतीने सरकतो, साधारण तेवढा. त्यापेक्षा जोरात गेलं की मागची लाईन पतंगासारखी वर उचलली जाते. बुडणारी लाईन लावली असली तरी फ्लाय पृष्ठभागाच्या जरा खाली, सरळ रेषेत, काहीही न हलता पळत राहते. कुठलाही लहान मासा किंवा किडा असा पोहत नाही, आणि हे माशाला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मला हे सांगितलं ते ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं लावणाऱ्या एका मामांनी. मी त्यांच्या बाजूने तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मान वर केली. "साहेब, शर्यत लावलीय का? मासा काय तुमच्या मागं धावतोय व्हय?" त्या वेळी राग आला होता.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. माझी कयाक साधारण तीन मीटरची आहे. पाण्यावरचं एखादं अर्धं बुडालेलं पान किंवा फेसाचा ठिपका टोकाशी आला की मनात मोजायला लागायचं, शेपटीशी पोहोचला की थांबायचं. सहा सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे ताशी १.८ किलोमीटर. उत्तम. तीन सेकंदांत गेलं तर ३.६, म्हणजे तुम्ही पळताय. तुमची होडी चार मीटरची असेल तर आठ सेकंद धरा. पान मात्र भिजलेलं हवं, सुकं पान वाऱ्याने स्वतःच पळतं आणि हिशेब चुकवतं. मोबाईलमध्येही वेग दिसतो, पण इतक्या हळू चालीला तो आकडा नाचत राहतो आणि आपण पाण्याऐवजी पडद्याकडे बघत बसतो.

वल्ह्याचे फटके मोजून वेग ठरवू नका. वारा पाठीमागून असेल तर कयाक आपोआप सरकते, फटका मारायचीच गरज नसते. समोरून असेल तर तेवढ्याच फटक्यांत तुम्ही जागेवर असता. सह्याद्रीच्या कुशीतल्या धरणांवर दिवस चढला की वारा सुटतो, तेव्हा सकाळचा हिशेब दुपारी लागू पडत नाही.

थांबा, वळा आणि नीट लक्षात ठेवा

नुसतं हळू जाऊन भागत नाही. एकाच गतीने जाणारी फ्लाय हळू असली तरी निर्जीवच वाटते. चार-पाच फटके मारायचे, मग तीन-चार सेकंद वल्हं मांडीवर ठेवायचं. थांबलं की फ्लाय डोकं खाली करून बुडते, पुन्हा निघालं की दचकल्यासारखी वर येते. टोच बहुतेक वेळा या दोन क्षणांत लागते, थांबण्याच्या शेवटी किंवा पहिल्या फटक्याला. माझ्या चहाच्या दोन माशांचं गुपित एवढंच होतं.

सरळ रेषेत जाऊ नका. नागमोडी जा. मला ही या पूर्ण खटाटोपातली सर्वांत कामाची गोष्ट वाटते, कारण वळण घेतलं की पाणी स्वतःच उत्तर देतं. तुम्ही डावीकडे वळलात तर वळणाच्या आतल्या बाजूची लाईन कमी अंतर कापते, तिची गती मंदावते, फ्लाय खाली जाते. बाहेरच्या बाजूची लाईन लांबचा फेरा घेते, वेग वाढतो, फ्लाय वर येते. दोन माणसं दोन रॉड घेऊन एकाच होडीत असाल तर हे अगदी ठळक दिसतं. आतल्या बाजूला टोच लागली तर समजा, मासा म्हणतोय: अजून हळू, अजून खोल. बाहेरच्या बाजूला लागली तर: थोडं जोरात, थोडं वर. दोन-तीनदा एकाच बाजूला लागलं की पुढचा तास त्याप्रमाणे वेग ठेवा. सात फ्लाय बदलून जे कळत नाही ते दोन वळणांत कळतं.

एकट्याकडे एकच रॉड असला तरी हे जमतं, फक्त टोच लागली तेव्हा आपण वळणाच्या कुठल्या टप्प्यात होतो ते आठवावं लागतं. मी त्यासाठी छोटी वही ठेवतो. ती पहिल्याच महिन्यात भिजली, आता पेन्सिल आणि प्लास्टिकची पिशवी.

फ्लाय आहे तरी किती खोल?

हा प्रश्न विचारला की समोरचा गप्प होतो, किंवा म्हणतो, "खाली आहे." किती खाली?

तरंगणारी लाईन आणि नऊ-दहा फुटांचा लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यातला बारीक दोरा) लावून ताशी दोन किलोमीटरने गेलात तर हलकी फ्लाय फूट-दोन फुटांच्या खाली क्वचितच जाते. पहाटे किंवा ढगाळ दिवशी काठाजवळ तेवढं पुरतं. ऊन चढल्यावर बहुधा पुरत नाही. तेव्हा मधल्या जातीची, म्हणजे अगदी हळू बुडणारी, किंवा पुरती बुडणारी लाईन लागते. बुडणाऱ्या लाईनवर नंबर असतो. तीन नंबरची साधारण सेकंदाला तीन इंच बुडते, सहा नंबरची सहा इंच. हे आकडे स्थिर पाण्यातले, होडी थांबलेली असतानाचे. म्हणून लाईन सोडल्यावर लगेच वल्हं उचलू नका. दहा फूट खाली जायचंय? दहा फूट म्हणजे १२० इंच, तीन इंचांनी भागा, चाळीस सेकंद. चाळीसपर्यंत मोजा आणि मग निघा. निघाल्यावर ती वर यायला लागते. मधूनमधून थांबलात तर पुन्हा खाली जाते. थांबायचं आणखी एक कारण हे.

एक चूक मी हमखास बघतो. बुडणाऱ्या लाईनला लोक तरंगणाऱ्या लाईनचाच लांब लीडर लावतात. लाईन खाली जाते, पण दहा फुटांचा बारीक, हलका लीडर फ्लायला वरच ठेवतो. मधेच पोट, दोन्हीकडे चढ. बुडणाऱ्या लाईनला चार ते सहा फुटांचा लीडर पुरे. एवढं एक बदललं आणि लगेच मासा लागला, असं मला दोघांनी सांगितलंय.

किती लाईन बाहेर आहे तेही डोळ्याने ठरवू नका. घरी पार्किंगमध्ये लाईन पसरून दहा, पंधरा आणि वीस मीटरवर काळ्या मार्करने एक, दोन, तीन रेघा मारा. सोसायटीतले लोक विचारतील, तेव्हा काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. फायदा हा की पंधरा मीटरवर मासा लागला तर पुढच्या फेरीत पुन्हा नेमके पंधरा मीटर सोडता येतात. "मगाशी सोडली होती तेवढीच" हा अंदाज नेहमी चुकतो.

आणि तळाची खोली? खोली दाखवणारं सोनार यंत्र महाग आहे, पण पुणेकराकडे दुसरा उपाय आहे, मे महिना. आपली धरणं उन्हाळ्यात इतकी उतरतात की बुडालेलं सगळं वर येतं. पवना धरणातलं वाघेश्वराचं मंदिर, उजनीतलं पळसदेवचं मंदिर पाणी आटलं की बाहेर येतं, लोक बघायला जातात. मंदिर बघून परत फिरू नका. जुना रस्ता कुठून गेला होता, बांध कुठे आहेत, झाडांचे बुंधे कुठे राहिलेत, ओढा कुठल्या बाजूने येऊन मिळतो, हे फोटो काढून ठेवा आणि फोटोवर त्या दिवसाचा धरणसाठा लिहा. तो वर्तमानपत्रात येतोच. दिवाळीत त्याच जागेवर वीस फूट पाणी असतं आणि मासा त्या बांधाच्याच कडेला असतो. मी ज्या धरणावर जातो त्याचं नाव मात्र सांगणार नाही. गळवाला माणूस जागा सांगत नाही, आणि सांगितलीच तर ती खोटी समजावी.

दोराला पीळ

दुसरी कायमची तक्रार. तासाभराने लाईन गुंडाळायला गेलं की ती स्वतःभोवतीच वळते, रिळावर नीट बसत नाही, पायाशी शेवयांचा गुंता होतो. लोक लाईनला दोष देतात. पीळ येतो तो फ्लाय भोवऱ्यासारखी फिरत असल्यामुळे, आणि फिरणाऱ्या फ्लायवर मासा क्वचितच येतो. म्हणजे पीळ हा वेगळा त्रास नव्हे, मासा न लागण्याचं तेही एक कारण आहे.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. लाईन सोडण्यापूर्वी फ्लाय कयाकच्या शेजारी हातभर दोरावर धरून पाण्यातून ओढा आणि नीट बघा. सरळ पोहते का? कुशीवर पडते का? फिरते का? फिरत असेल तर कारण शोधा. पिसं एका बाजूला जास्त बांधली गेली आहेत, शेपूट गळाच्या वाकाला गुंडाळलंय, गाठ गळाच्या डोळ्याच्या, म्हणजे दोरा ओवायच्या भोकाच्या, एका कडेला सरकलीये, नाहीतर शेवाळाचा एक धागा लटकतोय. गाठ सरकत असेल तर सैल फासाची गाठ बांधा, ज्यात फ्लाय गळाच्या डोळ्यातून मोकळी डोलते. एरवीही ट्रोलिंगला हीच गाठ मला बरी वाटते. घट्ट गाठीने फ्लाय काठीला बांधल्यासारखी चालते.

आलेला पीळ काढायला लाईन कापू नका. फ्लाय सोडवा, मोकळी लाईन मागे सोडा आणि पाच-दहा मिनिटं वल्हं मारा. पाणी पीळ काढून टाकतं. पुन्हा येऊ नये म्हणून लीडर आणि टिपेट (फ्लायकडचा शेवटचा बारीक तुकडा) यांच्या मध्ये अगदी छोटं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, टाकता येतं. मोठं टाकलंत तर त्याच्या वजनाने फ्लायची चाल बिघडते.

टोच लागते, मासा लागत नाही

ही समस्या चांगली, कारण वेग आणि खोली बरोबर आली असा तिचा अर्थ. पण डोकं फिरवते. टक, टक, टक, आणि हातात काही नाही.

पहिलं कारण आपला हात. टोच लागली की आपण रॉड झपकन वर उचलतो. हे व्हिडिओंनी शिकवलंय. फ्लाय मागे वीस मीटरवर आहे, मधे ताणणारी लाईन आहे, रॉडचं टोक मऊ आहे. रॉड वर उचलला की टोक वाकतं, गळापर्यंत फारच थोडा जोर पोहोचतो आणि फ्लाय माशाच्या तोंडातून वर निघून जाते. त्याऐवजी रॉडचं टोक पाण्याजवळ, फ्लायच्या दिशेला ठेवा. टोच लागली की काही करू नका, वल्ह्याचे आणखी दोन फटके मारा. कयाकचं वजन गळ रुतवायला पुरेसं असतं. ओढ जड झाली की लाईन हाताने सरळ मागे खेचा, मगच रॉड उचला. "काही करू नका" हे पुणेकराला जमायला अवघड आहे, पण जमतं.

दुसरं कारण, मासा नुसतं शेपूट चावतोय. फ्लाय लांब असते आणि गळ पुढे असतो. शेपूट कात्रीने अर्धा इंच कमी करून बघा. वूली बगरसारख्या फ्लायला शेपूट जवळजवळ अंगाएवढं असतं. १९६७ साली पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी ती पहिल्यांदा बांधली आणि आज जगभर तळ्यात ओढायला पहिली म्हणून तीच घेतात. काळी आणि ऑलिव्ह रंगाची अशा दोन डबीत असल्या तरी वर्ष निघतं. कातरूनही भागलं नाही तर मागे दुसरा छोटा गळ जोडलेली फ्लाय वापरतात. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या तळ्यांत ही जोडगळाची पद्धत जुनी आहे. तिथे १ जुलै १९२४ रोजी अपर डॅम या ठिकाणी कॅरी स्टीव्हन्स यांनी स्वतः बांधलेल्या फ्लायवर सहा पौंड तेरा औंसांचा ब्रूक ट्राउट पकडला होता. त्या मूळच्या टोप्या बनवणाऱ्या, फ्लाय बांधताना गळ पकडायला चिमटासुद्धा वापरायच्या नाहीत, बोटांतच धरून बांधायच्या. पुढे त्यांची ग्रे घोस्ट ही लांबट फ्लाय प्रसिद्ध झाली आणि लोक ती होडीमागे ओढू लागले. म्हणजे ट्रोलिंगला नाक मुरडणाऱ्यांना ऐकवायला एक शतक आपल्या बाजूने आहे.

तिसरं कारण, टोच मारणारी चिलापी आहे. आपल्याकडे बहुतेक पाण्यात ती आहे, उजनीत तर तिच्यावर हॉटेलं चालतात. तिचं तोंड लहान, आणि ती बरंचसं शेवाळ, कुजकं खाणारी. चार नंबरच्या गळाला ती नुसतं ढकलते. दहा किंवा बारा नंबरची, बोटाच्या पेराएवढी फ्लाय लावा. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, हे उलटं गणित नव्या माणसाला दुकानात फसवतं.

चौथं, गळ बोथट. अंगठ्याच्या नखावर टोक अलगद ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर कानस मारा. दगडी काठावर एकदा घासलेला गळ मनाने बाद समजा. गळाच्या टोकामागचा उलटा काटा मी पक्कडीने दाबून टाकतो. मासा पटकन सोडवता येतो, आणि स्वतःच्या हातात घुसला तरी निघतो. हे अनुभवाने लिहितोय.

मासा लागला आणि गेला, किंवा रॉडच गेला

दोन्ही हात वल्ह्यावर असतात, म्हणून रॉड होल्डरमध्ये किंवा गुडघ्याखाली. नवा माणूस रिळाचा ड्रॅग, म्हणजे लाईन सुटताना तिला धरणारा ब्रेक, घट्ट ठेवतो, मोठा मासा एक हिसडा देतो आणि टिपेट तुटतं. किंवा टिपेट दणकट असतं आणि रॉड पाण्यात जातो. माझ्या ओळखीतल्या एकाचा पहिल्याच दिवशी गेला. तो अजून त्या जागेवरून जाताना खाली वाकून बघतो.

उपाय स्वयंपाकघरात आहे. लिटरभर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे जवळपास एक किलो. लाईन थेट रिळापासून घेऊन तिला बाटली बांधा आणि अधांतरी धरा. आठ पौंडांच्या, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपासच्या टिपेटला एवढा ड्रॅग बरा. बाटली हळूहळू खाली घसरली पाहिजे. लटकून राहिली तर ड्रॅग सैल करा, धाडकन आपटली तर आवळा. बाटली प्लास्टिकचीच घ्या. आणि रॉडच्या मुठीला दोरी बांधून कयाकला अडकवा, साधी नायलॉनची चालते.

मासा लागल्यावर वल्हं फेकून रॉडवर झडप घालू नका. आधी वल्हं कयाकवर आडवं ठेवा. वल्हं वाहून गेलं तर मासा हातात धरून काठावर कसं येणार? लाइफ जॅकेटबद्दल वेगळं सांगत नाही. ते न घालणाऱ्याने घरीच बसावं.

शेवाळ

रॉडचं टोक बघायला शिका. फ्लाय नीट पोहत असेल तर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला टोक किंचित मान डोलावतं. ते डोलायचं थांबलं आणि थोडं वाकलेलं राहिलं की फ्लायला शेवाळ लागलंय. शेवाळ लागलेल्या फ्लायमागे अर्धा तास वल्हं मारणारे लोक मी पाहिलेत, त्यात मीही होतो. दर दहा मिनिटांनी लाईन आत घ्या. जलपर्णी असेल तिथे ट्रोलिंग करूच नका. तिच्या कडेला फेकणं बरं.

त्या पाण्यात तो मासा आहे का?

हे खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं, पण उत्साहाच्या भरात कुणी विचारत नाही. व्हिडिओतलं तळं कॅनडातलं असतं, पाणी बर्फाळ, मासा ट्राउट. पुण्याच्या धरणांत ट्राउट नाही. आपल्याकडे रोहू आहे, तो मुख्यतः वनस्पतींवर जगतो, फ्लायमागे धावत नाही. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्याच्यापुढून कितीही सुंदर फ्लाय ओढली तरी त्याला तिच्याशी घेणं नाही. मरळ आहे, ती शिकारी आहे, पण काठाच्या गवतात दबा धरून बसते. धरणाच्या मधोमध वल्हं मारणाऱ्याला ती भेटणार कशी? तिच्यासाठी गवताच्या कडेला समांतर, दोन-तीन मीटरवरून जायला हवं.

आणि आहे तो महाशीर. दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन १८३९ साली कर्नल साइक्स यांनी केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. टॉर खुद्री या नावातला 'खुद्री' इथल्या बोलीतूनच गेलाय. आज त्या पात्रात काय वाहतं ते सगळ्यांना माहीत आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवली गेली, म्हणून हे नाव आपल्या भागात टिकून आहे. हा मासा लागला तर पाण्यातच सोडवा, ओल्या हाताने धरा, फोटोसाठी कयाकमध्ये लोळवू नका. धरणाला ओढा मिळतो त्या तोंडाशी, दगडगोट्यांच्या उतारावर नागमोडी फेऱ्या मारा. फ्लाय थोडी जड हवी, डोळ्यांच्या जागी धातूचे मणी असलेली. थांबलं की ती डोकं खाली करून डुबकी घेते, आणि नेमकी तीच चाल इथे हवी.

परवानगीचंही याच ओघात सांगतो. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि पाणी जलसंपदा खात्याचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही शहराच्या पिण्याच्या पाण्याची धरणं. तिथे होडी घेऊन मनाला येईल तसं उतरता येत नाही. आधी विचारा. संस्थेच्या माणसाशी दोन शब्द बोललात, चहा पाजलात, तर परवानगीबरोबर कुठल्या बाजूला जाळी लावली आहेत तेही कळतं. जाळ्यात अडकलेली तीन नंबरची लाईन सोडवणं म्हणजे काय, हे ज्याला कळलंय तो पुढच्या वेळी विचारून जातो.

घरी आल्यावर

तरंगणाऱ्या लाईनचं टोक बुडायला लागलं की लोक नवी लाईन घ्यायला निघतात. थांबा. आपल्या धरणांचं पाणी पावसाळ्यात गढूळ, आणि तो गाळ लाईनवर पातळ थर धरतो. बादलीत कोमट पाणी, हात धुवायचा सौम्य साबण दोन थेंब, लाईन त्यात दहा मिनिटं. मग मऊ फडक्यातून ओढून रिळावर घ्या. भांड्याचा कडक साबण वापरू नका, लाईनवरचा थर खराब होतो. फडकं काळं निघालं की समजतं चार रविवार आपण काय ओढत होतो. आमच्या घरी त्यासाठी वेगळी बादली आहे. तिच्यावर बायकोने मार्करने लिहिलंय: "ही मासेवाली. फरशीला वापरू नये."